सालीखालून पोत्यात

श्रावणात गव्हाचं पोतं सोडावं, मूठभर गहू परातीत पसरावा आणि परात उन्हात ठेवावी. शेलूबाजारच्या घरांत हे काम बायका पिढ्यान्‌पिढ्या करत आल्यात. ऊन लागलं की गव्हातून किडे बाहेर पडतात. सोंड्या सगळ्यांच्या ओळखीचा. तो काळसर, जाडजूड असतो आणि सावकाश चालतो. पण त्याच्याबरोबर कधीकधी आणखी एक किडा निघतो. तांबूस, चपटा, तिळाच्या दाण्यापेक्षाही लहान. बोट टेकवायच्या आत तो परातीच्या काठाखाली पसार झालेला असतो. त्याला घरात वेगळं नाव नाही. ‘किडे झाले’ या दोन शब्दांतच त्याचीही गणती होते.

कीटकशास्त्रज्ञ त्याला क्रिप्टोलेस्टिस फेरुजिनियस म्हणतात. मराठीत तांबूस धान्य-भुंगेरा म्हणता येईल. त्याचं कुळ लेमोफ्लोइडी. या कुळात जगभर सुमारे चाळीस प्रजाती-गट आणि चारशेच्या वर जाती आहेत, आणि त्यातल्या बहुतेकींनी धान्याचं तोंडही पाहिलेलं नाही. त्या मेलेल्या झाडाच्या सालीखाली राहतात आणि बुरशी खातात. पोत्यात सापडणारा हा किडा म्हणजे रानातल्या एका मोठ्या घराण्यातून गावात येऊन स्थिरावलेली धाकटी पाती. तो पोत्यात का आला, हे समजून घ्यायचं तर आधी सालीखाली डोकावायला हवं.

शेलूबाजार हे वाशीम जिल्ह्यातल्या मंगरुळपीर तालुक्यातलं बाजाराचं गाव. आता ते समृद्धी महामार्गालाही जोडलं गेलंय. भोवती सोयाबीन, तूर, हरभरा, थोडा कापूस, पाण्याची सोय असेल तिथं गहू आणि संत्र्याच्या बागा. शेताच्या धुऱ्यावर बाभूळ, कडुनिंब, पळस. धुऱ्यावरची एखादी बाभूळ वाळते, किंवा डिंक्यानं संत्र्याचं झाड जातं. दिसायला ते झाड मेलेलं असतं, पण त्यावर नवी वस्ती व्हायला तेव्हाच सुरुवात होते. आधी खोडकिडे आणि साल पोखरणारे भुंगेरे येतात, भोकं पाडतात, भुसा बाहेर टाकतात. साल आणि लाकूड यांच्यामध्ये जो रसाळ थर असतो तो कुजू लागतो, आंबतो. एक-दोन पावसाळे गेले की साल लाकडापासून सुटते आणि मध्ये एक फट तयार होते. जेमतेम मिलिमीटर-दोन मिलिमीटरची, ओलसर, काळोखी फट. तिच्यात बुरशी पसरते.

आपले चपटे भुंगेरे राहायला येतात ते याच फटीत.

त्यांचं सगळं शरीर या फटीच्या मापानं घडलेलं आहे. लांबी साधारण दीड ते अडीच मिलिमीटर, काही जाती थोड्या मोठ्या. पाठ सपाट, पोट सपाट, पाय अंगाखाली न येता बाजूला पसरणारे. डोक्यामागच्या ढालीसारख्या भागावर दोन्ही कडांना समांतर अशी एकेक बारीक उठावदार रेघ असते. भिंगाखाली ही रेघ दिसली की कुळ ओळखता येतं. मिशा मण्यांच्या माळेसारख्या असतात. काही जातींच्या नरांच्या मिशा तर जवळपास अंगाएवढ्या लांब असतात. काळोखात डोळ्यांचा उपयोग बेताचाच, त्यामुळे वासावर आणि स्पर्शावर सगळा कारभार चालतो.

बुरशी खाणं हा या घराण्याचा मुख्य धंदा असला तरी सगळे सदस्य इतके सोवळे नाहीत. काही जाती सडपातळ आणि दंडगोल झाल्या आहेत. त्या साल पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांच्या बोगद्यांत शिरतात आणि त्यांची अंडी, अळ्या खातात. म्हणजे झाडाला नुकसान करणाऱ्यांचे वैरी याच घरात आहेत आणि धान्याचे चोरही याच घरात.

या कुळाची सगळ्यांत नवलाची गोष्ट अगदी अलीकडे, २०१९ साली कळली. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात रॅले इथं मॅट बर्टोन हे कीटकशास्त्रज्ञ एका मेलेल्या ओक झाडाच्या सालीखालचे किडे गोळा करत होते. लेमोफ्लिअस बायगट्टाटस या जातीच्या अळ्या ते पाहत होते, आणि त्या अळ्या चक्क उड्या मारू लागल्या. अळीनं उडी मारणं हीच मुळात दुर्मीळ गोष्ट. उडी मारणाऱ्या ज्या अळ्या माहीत आहेत त्या शरीराचाच एक भाग दुसऱ्यात अडकवून ताण साठवतात आणि मग सोडतात. इथं तसं काहीच दिसत नव्हतं. शेवटी सेकंदाला साठ हजार चित्रं टिपणारा कॅमेरा लावला तेव्हा उलगडा झाला. अळी पायांच्या नख्यांनी जमिनीला घट्ट धरते, अंग कमानीसारखं ताणते, आणि नख्या सुटताच तो सगळा ताण एकदम मोकळा होऊन ती वेटोळं होत हवेत भिरकावली जाते. अडकवण्यासाठी लागणारी कडी तिच्या अंगात नाही. ती जमिनीचीच कडी करते. हा अभ्यास जानेवारी २०२२ मध्ये प्लॉस वन या नियतकालिकात आला. त्यात सहभागी असलेल्या ताकाहिरो योशिदा यांनी जपानमधल्या प्लॅकोनोटस या दुसऱ्या प्रजाती-गटातल्या अळीतही हीच करामत नोंदवली.

अळीला याचा फायदा काय? साल गळून पडली किंवा कुणी सोलली की ती एकदम उघड्यावर येते. मुंग्या आणि पाखरं टपलेलीच असतात. चालत जाण्यापेक्षा उडी मारून पुन्हा आडोसा गाठणं परवडतं, असा संशोधकांचा अंदाज आहे.

सालीखाली हे कुळ एकटं राहत नाही. शेजारी सेरिलोनिडी नावाचं आणखी एक बारीक भुंगेऱ्यांचं कुळ असतं. तेही बुरशीवर जगतं, पण अंगानं थोडं गोलसर. त्यातल्या काहींची तोंडं चावायची नसून चोचीसारखी टोकदार, रस ओढायची आहेत. या कुळाची नीट मांडणी करण्यात एका भारतीयाचा मोठा वाटा आहे. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे तपन सेनगुप्ता आणि ग्लासगोचे रॉय क्राउसन यांनी १९७३ मध्ये सेरिलोनिडींच्या वर्गीकरणाचा सविस्तर आढावा प्रसिद्ध केला. आजही या किड्यांवर लिहिणाऱ्याला त्यापासूनच सुरुवात करावी लागते. पुढे जनुकांच्या अभ्यासावरून असं दिसलं की सेरिलोनिडी हे आपल्या ठिपकेवाल्या लेडीबर्ड भुंगेऱ्यांचे नातलग आहेत. लेमोफ्लोइडींची शाखा मात्र वेगळी. एकाच फटीत एकच अन्न खात राहिले म्हणून ते सारखे दिसतात, एवढंच.

तिसरं कुळ सिल्व्हॅनिडी. त्यातला एक जण किराणा दुकानदारांच्या चांगलाच परिचयाचा आहे : करवती भुंगेरा. त्याच्या छातीच्या दोन्ही कडांना सहा-सहा दाते असतात. रवा, सुका मेवा, शेवया, काहीही त्याला चालतं. त्याचेही बरेच भाऊबंद सालीखाली बुरशी खात बसलेले आहेत.

आता हा योगायोग म्हणायचा का? सालीखाली बुरशी खाणाऱ्या घराण्यांतले मोजके सदस्य पुन्हा पुन्हा धान्यात येतात. सेरिलोनिडींच्या जवळचा म्युर्मिडियस ओव्हॅलिस हा जेमतेम सव्वा मिलिमीटरचा भुंगेराही बुरसटलेल्या धान्यात आणि गवताच्या गंजीत जगभर सापडतो. फ्रान्समधले आंत्वान ग्रूव्हेल हे तंबाखूच्या सरकारी कारखान्यातले अभियंते होते आणि अशा चपट्या भुंगेऱ्यांचे एकोणिसाव्या शतकातले मोठे जाणकार. परदेशातून आलेल्या तंबाखूच्या गाठींत दबलेले किडे त्यांनी वेचले, अभ्यासकांकडे पाठवले. दाबून बांधलेली, आतून किंचित ओलसर राहिलेली पानांची गाठ या किड्यांना परकी वाटायचं कारणच नव्हतं.

धान्याच्या ढिगाचंही तेच. किड्याच्या बाजूनं पाहिलं तर पोतं म्हणजे असंख्य बारीक फटींचा समूह. दाण्यादाण्यांमध्ये अंधार, वाऱ्याला अटकाव, आणि धान्य ओलं असेल तर बुरशीही. फरक इतकाच की इथली ‘साल’ माणसानं स्वतःच्या हातानं शिवून बांधली आहे.

तांबूस भुंगेऱ्याला अखंड, निरोगी दाणा फोडता येत नाही. सोंड्या सोंडेनं भोक पाडून दाण्याच्या आत अंडं घालतो, तेवढी ताकद याच्या जबड्यात नाही. त्याला फुटका, तडकलेला किंवा मळणीयंत्रात ठोकर बसलेला दाणा लागतो. मादी त्या चिरेत किंवा दाण्यांमधल्या भुशात अंडी घालते. बारीक चपटी अळी चिरेतून आत शिरते ती थेट अंकुरापाशी. दाण्यातला सगळ्यांत सकस भाग तोच, आणि मऊही तोच. बाकीचा गर ती फारसा खात नाही. त्यामुळे वजनात मोठी घट दिसत नाही, पण पेरणीसाठी ठेवलेलं बी उगवत नाही. पूर्ण वाढली की ती छातीजवळच्या ग्रंथींतून रेशमासारखा धागा काढून त्यात भुसा गुंफते आणि त्या कोशात भुंगेरा होते. ३५ अंशांच्या आसपास उष्णता आणि हवेत भरपूर दमटपणा असेल तर अंड्यापासून भुंगेरा व्हायला साधारण तीन आठवडे पुरतात. एक मादी आयुष्यात दोनशेच्या वर अंडी घालू शकते.

पण धान्यात येऊनही त्यानं जुनी सवय सोडली का? कॅनडातल्या विनिपेगमध्ये लोशियाव्हो आणि आर. एन. सिन्हा या संशोधकांनी १९६६ मध्ये हा प्रश्न तपासला. बियांवर वाढणाऱ्या निरनिराळ्या बुरशी त्यांनी या भुंगेऱ्यापुढे ठेवल्या. तो काही बुरशींकडे ओढला गेला, त्या त्यानं खाल्ल्या आणि त्यांच्यावर अंडीही घातली. काही मात्र त्याला मानवल्या नाहीत. बुरशी हे त्याचं अन्न अजूनही आहे, आणि धान्य बिघडलंय हे सांगणारा निरोपही. सिन्हांनी पुढे धान्याच्या कोठीकडे पाहायची नजरच बदलली. डब्ल्यू. ई. म्युअर यांच्याबरोबर १९७३ मध्ये संपादित केलेल्या ग्रंथात धान्यसाठा ही एक जिवंत व्यवस्था आहे ही मांडणी ठामपणे पुढे आली. दाणा श्वास घेतो, बुरशी श्वास घेते, किडे श्वास घेतात. प्रत्येक जण उष्णता आणि वाफ सोडतो, आणि ती शेजाऱ्याच्या कामी येते.

पोत्यांच्या थप्पीत हात घालून ‘गरम लागतंय’ म्हणणारा माणूस नकळत हेच मोजत असतो. एका कोपऱ्यात थोडी ओल राहते. तिथं बुरशी धरते. बुरशीच्या वासावर भुंगेरे येतात. त्यांच्या आणि अळ्यांच्या श्वासानं ती जागा आणखी तापते. तापलेली वाफ वर जाते, गार पोत्याला भिडून तिथं पाणी होते, आणि ओलीचं ठिकाण वाढतं. भुंगेऱ्यांच्या अंगाला चिकटून बुरशीचे बीजकण नव्या दाण्यांवर जातात. त्यात ॲस्परजिलस फ्लेव्हससारखी अफ्लाटॉक्सिन हे विष तयार करणारी बुरशी असेल तर प्रश्न नुसता किड्यांचा राहत नाही, पोळीत आणि ढेपेत काय जातंय याचा होतो.

विदर्भात या साखळीचं पहिलं टोक ऑक्टोबरातच पाहायला मिळतं. सोयाबीनची सोंगणी होऊन सुड्या लागतात आणि परतीचा पाऊस गाठतो. ताडपत्री वेळेवर पडली तर ठीक, नाहीतर सुडीच्या आत वाफ धरते, दाणे काळे पडतात, बुरशीचा वास सुटतो. मग अडतीवर मॉइश्चरवरून घासाघीस. २०२४ च्या नोव्हेंबरात हमीभावानं खरेदी करताना १२ ऐवजी १५ टक्क्यांपर्यंत ओलावा चालेल अशी मुभा केंद्र सरकारनं दिली. त्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. विकायला आलेल्या शेतकऱ्याला ती सवलत हवीच होती, त्यात वाद नाही. पण तीन टक्के जादा पाणी घेऊन तोच माल गोदामात थप्पीला लागतो, तेव्हा तिथल्या बुरशीलाही सवलत मिळते. सोयाबीन हे तांबूस भुंगेऱ्याचं आवडतं अन्न नव्हे, त्याचा ओढा गहू-मका-ज्वारीकडे. तरी एकाच गोदामात एका भिंतीला बुरसटलेला माल आणि दुसऱ्या भिंतीला गहू असला तर मधलं अंतर त्याला काहीच नाही. उष्ण हवेत तो उडतोही.

जुन्या वऱ्हाडात धान्य ठेवायच्या तऱ्हा वेगळ्या होत्या. जमिनीत खोल पेव, घराच्या भिंतीत बळद, बांबूची शेणानं लिंपलेली कणगी. पेव भरून तोंड बंद केलं की धान्याच्या आणि किड्यांच्या श्वासानं आतला प्राणवायू संपत जाई आणि किडे गुदमरत. हीच हवा माणसालाही मारते. पेव उघडून थेट आत उतरलेली माणसं दगावल्याच्या कथा गावोगाव ऐकू येतात, म्हणून आधी दिवा सोडून पाहायची रीत होती. आज हवाबंद प्लास्टिक पिशव्या विकल्या जातात त्यामागचं तत्त्व पेवाचंच आहे, फक्त उतरण्याचा धोका गेला.

त्याऐवजी हातात आली गोळी. ॲल्युमिनियम फॉस्फाइडची तीन ग्रॅमची गोळी हवेतल्या दमटपणानं फुटते आणि सुमारे एक ग्रॅम फॉस्फिन वायू सोडते. हा वायू किडा मारतो आणि माणूसही. कायद्यानं ही गोळी घरगुती वापरासाठी नाही, ती सरकारी तज्ज्ञांच्या किंवा कीडनियंत्रण व्यावसायिकांच्या देखरेखीखालीच वापरायची. तरी ती गावात मिळते, झोपायच्या खोलीतल्या कोठीत ठेवली जाते, आणि रात्रीत घरातली माणसं गेल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. शिवाय गोळी अर्धवट वापरली, म्हणजे ताडपत्रीला भोकं असताना किंवा दोन दिवसांत झाकण उघडलं, की कमजोर किडे मरतात आणि चिवट उरतात. ऑस्ट्रेलियात न्यू साऊथ वेल्समध्ये २००७ साली याच तांबूस भुंगेऱ्यात फॉस्फिनला दाद न देणारी पैदास आढळली. धान्यातल्या इतर किड्यांच्या तुलनेतही तिचा चिवटपणा इतका होता की तिथल्या साठवणुकीच्या तज्ज्ञांना वायूचं प्रमाण, दिवस, पर्यायी औषध, सगळ्याचा हिशेब नव्यानं करावा लागला. दीड मिलिमीटरच्या किड्यानं एका खंडाच्या गव्हाच्या निर्यातीची झोप उडवली.

कॅनडात या किड्याशी वेगळाच सामना चालतो. तिथल्या गव्हातला हा सगळ्यांत त्रासदायक किडा, आणि तो थंडीही बऱ्यापैकी सोसतो. कॅनडाचा धान्य आयोग शेतकऱ्यांना सांगतो की धान्य उणे ५ अंशांवर असेल तर किडे मरायला बारा आठवडे लागतील, उणे १० वर आठ, उणे १५ वर चार, आणि उणे २० ला एक आठवडा पुरे. पंखे लावून कोठीतून बाहेरची गार हवा खेळवायची, बस्स. मंगरुळपीर तालुक्यात हा उपाय कुणी सांगितला तर लोक हसतील.

इथं उलटं हत्यार आहे, आणि ते फुकट आहे. एप्रिल-मेचं ऊन. धान्याचं तापमान पन्नासच्या वर नेलं की या किड्याच्या अंडी, अळी, भुंगेरा, सगळ्या अवस्था काही तासांत मरतात. नुसत्या अंगणात पसरलेल्या गव्हात भुंगेरे पळून सावली गाठतात. काळ्या प्लास्टिकवर पातळ थर देऊन वरून पारदर्शक प्लास्टिक घातलं आणि कडा दगडांनी दाबल्या तर आतली उष्णता वाढते आणि पळायला वाट राहत नाही. बियाणं मात्र असं तापवू नये, उगवण जाते. वाळलेला गहू रात्री थंड होऊ द्यावा आणि मगच कोठीत भरावा. गरम भरला तर आत वाफ धरते आणि पाण्याचा सगळा हिशेब पुन्हा पहिल्यापासून. दातानं दाणा फोडल्यावर कट्‌ आवाज आला पाहिजे ही जुनी कसोटी अजूनही बरी. ओलावा मोजायचं यंत्र असेल तर आकडा बारा टक्क्यांच्या खाली हवा.

त्याआधी चाळणी. अख्ख्या गव्हात शिरता न येणाऱ्या किड्याला फुटके दाणे आणि भुसा काढून टाकण्याइतका फटका दुसऱ्या कशानं बसत नाही. मळणीयंत्राचा वेग थोडा कमी ठेवला तर फूट मुळातच कमी होते. जुनी पोती उलटी करून, शिवणी झटकून, उन्हात तापवून मगच भरावीत. कोश शिवणीत असतात. आणि चाळणीखाली निघालेला भुसा अंगणाच्या कोपऱ्यात लोटून ठेवू नये. त्यात अळ्या असतात, अंडी असतात, आणि आठवड्याभरात त्यातलेच भुंगेरे दाराच्या फटीतून परत कोठीकडे येतात. ज्यांच्याकडे कोंबड्या आहेत त्यांनी तो लगेच त्यांच्यापुढे टाकावा. मात्र धान्याला बुरशीचा वास असेल तर कोंबड्यांनाही देऊ नये, जाळून टाकावा.